सैतानाची पट्टी

बसमधून उतरून ओलेटा कोपऱ्यावर वळली तेव्हा घरासमोरच्या ओकच्या बुंध्याला कुणीतरी नारिंगी पट्टा ओढलेला तिला दिसला. छातीच्या उंचीवर, सबंध बुंध्याभोवती, फवाऱ्याच्या रंगाने आणि घाईघाईत, कारण पट्ट्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला नीट भेटलंसुद्धा नव्हतं. एक ओघळ सालीच्या भेगेतून खाली आला होता. तिने बोट लावून पाहिलं. रंग ओला होता. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात गरम चादरींच्या घड्या घालून बधिर झालेलं ते बोट तिने नकळत कोटाला पुसलं आणि कोटाला डाग पडला म्हणून तिला राग आला. आधी कोटाचा, मग रंगाचा, आणि मग आणखी कशाचातरी, त्याला तिला नाव देता येईना. कारण खरं सांगायचं तर हे झाड तिला कधीच आवडलं नव्हतं. दर पानगळीत त्याची पानं गोळा करता करता तिची कंबर मोडायची. लांब देठांना जोडीजोडीने लटकणारी त्याची टोपीवाली फळं फरशीवर पडायची आणि पायाखाली येऊन माणूस घसरायचं. साल सोलवटून लोंबायची, खालच्या फांद्या वाळून तशाच अडकून राहायच्या; दाढी न केलेल्या माणसासारखं गबाळं झाड. आता कुणी न विचारता त्याच्याभोवती रंग ओढून गेलं, तर हिला राग का यावा? पण आला खरा. नारिंगी पट्टा म्हणजे काय, हे त्या शहरात शेंबडं पोरही सांगू शकत होतं. काही वर्षांपूर्वी हिरव्या भुंग्याने तिथली सगळी अ‍ॅशची झाडं पोखरली तेव्हा रस्तोरस्ती असेच पट्टे उमटले होते, आणि पट्ट्यांच्या मागून करवती आल्या होत्या.

ती घरात शिरली तर आर्वेल पुढच्या खोलीत खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसलेला. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर गोधडी. दोघं जण आले होते म्हणाला, एकाने रंग मारला, दुसरा सँडविच खात उभा होता. तू काही विचारलं नाहीस का, असं तिने म्हटलं, तर काचेतून काय विचारू म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघायला लागला. बाहेर बघणं हेच आता त्याचं काम होतं. तिने कोट काढून नळाखाली धरला. डाग पसरला, निघाला नाही. ती तशीच ओला कोट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पुढच्या खोलीतल्या प्राणवायूच्या यंत्राची घरघर ऐकत राहिली. तीन हिवाळे ती घरघर ऐकत ती झोपली होती. हा माणूस तिचा नवरा नव्हता. एके काळी होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून दोघं एकाच गाडीने या टायरच्या शहरात आले, तो कारखान्यात रबरात काजळी मिसळायच्या विभागात लागला, हे घर घेतलं, मुलगी झाली, आणि मुलगी शाळा संपवते न संपवते तोच बोलिंगच्या अड्ड्यावर काम करणाऱ्या एका बाईबरोबर तो निघून गेला. रीतसर काडीमोड झाला. घराचे उरलेले हप्ते ओलेटाने चादरींच्या घड्या घालून फेडले. कारखाना बंद पडला, काजळी मात्र आर्वेलच्या छातीत राहून गेली, आणि त्याला दोन जिने चढवेनात तेव्हा त्या बाईने त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. मग टॅमीचा, मुलीचा, फ्लोरिडाहून फोन. "आई, फक्त जागा मिळेपर्यंत. त्याचं दुसरं कोण आहे?" घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. जागा काही मिळाली नाही. ओलेटा रोज सकाळी त्याचे पाय चोळून मग बसला धावत होती, आणि धुलाईखान्यातल्या बाया विचारायच्या, काय गं, परत लग्न केलंस की काय, त्यावर ती म्हणायची, कुत्रा पाळला असता तर निदान शेपूट हलवली असती.

पण संध्याकाळी जेवताना आर्वेल झाडाबद्दल बोलायचा. दोघांमध्ये बोलायला तेवढंच उरलं होतं. मागच्या वर्षांबद्दल काही बोलायची सोय नव्हती, पुढचं काही नव्हतं. मग तो बीन्स आणि मक्याचा पाव चिवडत सांगायचा, की आज 'ब्लू जे' नावाच्या निळ्या पक्ष्यांनी ओकची फळं नेऊन शेजारच्या मिलेवाच्या कुंडीत पुरली. की तो खाली डोकं करून बुंधा उतरणारा छोटा पक्षी आला होता. की वरच्या पोकळीतलं घुबड भर दुपारी तोंड काढून बसलं होतं, ऊन खात. वारा आला की झाड एकदम पांढरं होतं म्हणायचा. पानं वरून गर्द हिरवी आणि खालून पांढरी मऊ, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की सगळं झाड पाठ फिरवल्यासारखं रंग बदलायचं. ओलेटा ऐकायची आणि हं म्हणायची. ती त्याला उत्तर म्हणून हं म्हणायची नाही, तोंडात घास असायचा म्हणून म्हणायची. तरी एखाद्या दिवशी तो घुबडाबद्दल बोलला नाही तर तिच्या लक्षात यायचं. आता ती ओला कोट खुंटीला लावता लावता हिशेब करत होती: झाड गेल्यावर हा काय बघणार, आणि जेवताना आपण कशावर हं म्हणणार. मग या विचाराचाच तिला संताप आला. हा माणूस काय बघणार याची काळजी आपण का करावी? आपण काय बघत होतो याची काळजी कुणी केली होती?

झाड जिथे उभं होतं त्या जागेला, रस्ता आणि पायवाट यांच्या मधल्या गवताच्या चिंचोळ्या तुकड्याला, त्या शहरात सैतानाची पट्टी म्हणतात. दुसऱ्या गावात दुसरं काही म्हणत असतील, बहुतेक ठिकाणी काहीच म्हणत नाहीत. पण तिथे म्हातारेकोतारे, पोलीस, पाद्री, सगळे सरळ चेहऱ्याने म्हणतात. ओलेटा नवीन लग्न होऊन आली तेव्हा पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या जर्मन बाईने तिला कुंपणावरून सांगितलं होतं, की पोरी, नवऱ्याला म्हणावं, सैतानाच्या पट्टीवरचं गवत काप, नाहीतर दंड होईल. ओलेटाचा बाप डोंगरातल्या चर्चमध्ये हात वर करून प्रार्थना म्हणणारा, घरात सैतानाचं नाव काढायची चोरी. ती दार लावून आत बसली. आर्वेल कामावरून आल्यावर तिने रडत रडत सांगितलं, की हे घर नको, अंगणात काहीतरी आहे. आर्वेल इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. तेव्हा त्याला हसताना धाप लागत नव्हती. मग त्यानेच समजावलं, की ती पट्टी आपली नाही, सरकारची. पण गवत आपण कापायचं. सरकारची आहे तर सरकारने कापावं, ती म्हणाली होती. तो म्हणाला, इथे असंच असतं. पहिल्या उन्हाळ्यात त्याने कापलं. नंतर कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या आणि यंत्र ढकलायला ती लागली, ती आजतागायत. झाडाभोवती गवत नीट उगवायचं नाही, कारण तो रस्त्याचा सखल भाग. कारखान्याने कामगारांसाठी घरं बांधायच्या आधी तिथे सगळी दलदल होती, आणि वसंतात बर्फ वितळलं की दलदलीला आपली जागा आठवायची. बुंध्याभोवती पाणी साचून राहायचं, तळघरात पंप बसवावा लागायचा. झाडाला त्या पाण्याचं काही वाटत नव्हतं. ते रस्त्याच्या आधीपासून तिथे होतं आणि पाय पाण्यात ठेवून उभं होतं. ओलेटा मात्र दर वसंतात त्या चिखलात रबरी बूट घालून कुणाच्या तरी पट्टीवरचा कचरा उचलत होती.

आठवड्याभराने दाराच्या मुठीला एक कागद अडकवलेला आला. गुळगुळीत कागद, वर पाण्याचा थेंब हसताना काढलेला. रस्त्याखालची जुनी गटारं बदलणार होते, पावसाचं पाणी वेगळं नेणार होते, आणि पट्टीवर खोलगट वाफे करून त्यात ओल सोसणारी झाडं लावणार होते. त्याला पर्जन्य-उद्यान असं नाव होतं. मागच्या बाजूला लावायच्या झाडांची चित्रं होती, आणि सगळ्यात वर एक ओकचं पान, अर्धं हिरवं आणि अर्धं उलटं, पांढरं. खाली लिहिलं होतं: दलदलीचा पांढरा ओक. ओलसर जागेसाठी इथलाच देशी वृक्ष, सावलीसाठी आणि वन्यजीवांसाठी उत्तम. ओलेटाने कागद घेऊन झाडाखाली जाऊन एक पान उचललं आणि चित्राशेजारी धरलं. सगळा जन्म त्याची पानं उचलण्यात गेला आणि त्याचं नाव तिला आज कळलं, ते याला तोडून याच्याच जागी यालाच लावणार आहोत असं सांगणाऱ्या कागदावरून. तिने ते दोनदा वाचलं. मग आत येऊन आर्वेलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याला काढून टाकून तरुण ठेवायचा. कारखान्यात असंच करायचे." तिला हसू आलं, आणि त्याच्या बोलण्यावर आपल्याला हसू आलं म्हणून ती तिथून उठून गेली.

या कामाची माहिती द्यायची सभा सर्बियन चर्चच्या तळघरात होती. शेजारच्या मिलेवाने अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी कापून ताटात मांडली होती, कारण तिच्या मते कुठलीही सभा, मयत असो की बारसं, खाल्ल्याशिवाय होत नाही. योजनेकडून आलेली मुलगी ब्रिन हॅलोरन नावाची, विणलेली टोपी घातलेली, बुटांना चिखल लागलेला. ओलेटा भांडायच्या तयारीने गेली होती, आणि मुलगी नेमकी चांगली निघाली. आवाज मऊ, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवणारी. तिने पडद्यावर दाखवलं, की मुळं जुन्या नळात शिरली आहेत, नवा चर नेमका बुंध्याखालून जातो, तीन वेगवेगळे आराखडे करून पाहिले, कशातच झाड वाचत नाही. मलाही वाईट वाटतं म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं. लोकांना मात्र फारसं वाटलं नाही. मोटारींच्या टपांवर फळं पडतात म्हणून एक जण खूश होता. तळघरात पाणी येणार नाही ना, एवढंच बाकीच्यांना हवं होतं. ओलेटाने हात वर केला आणि विचारलं, झाड कुणाचं?

"शहराचं, मिसेस स्किडमोर. ती पट्टी शहराच्या मालकीची असते."

"मग पानं?"

ब्रिन जरा घुटमळली. "मालकी शहराची, पण निगा समोरच्या घरमालकाने राखायची. तसा नियम आहे."

"म्हणजे झाड तुमचं आणि पानं माझी," ओलेटा म्हणाली.

लोक खो खो हसले. मिलेवाने तिच्या पाठीवर थाप मारली. ओलेटाने विनोद केला नव्हता. ती हसणाऱ्या तोंडांकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, आपण आयुष्यभर जे काही बोललो ते असंच विनोद म्हणून खपलं असेल. मग ब्रिन म्हणाली, म्हणूनच तर त्याच जातीचं रोप लावतोय, आणि याची सावली तुमच्या नातवंडांना नक्की मिळेल. ओलेटाला नातवंडं नव्हती. टॅमीकडे दोन मांजरं होती. घरी परतताना मिलेवा कॉफीचं रिकामं भांडं छातीशी धरून शेजारून चालत होती आणि सांगत होती, की बाई गं, कशाला जीव जाळतेस, झाड काय, माणसं जातात. ओलेटा ऐकत नव्हती. मालकी त्यांची, निगा माझी. सासू वारली ती तिच्या हातावर, तेव्हा सासूची दोन मुलं जिवंत होती. दुसऱ्यांच्या रक्ताने भिजलेल्या चादरी ती रोज धुऊन, इस्त्री करून, कोपऱ्याला कोपरा लावून परत पाठवत होती आणि त्यातली एकही तिच्या अंगावर कधी पडली नव्हती. आर्वेल धडधाकट होता तोवर त्याच्यावर त्या बाईचा हक्क चालला, आणि निगा राखायची वेळ आली तेव्हा तो हिच्या पट्टीवर आला. अंधार पडला होता, पायाखाली ओकची फळं फुटत होती, आणि तिने प्रत्येकावर मुद्दाम जोर देऊन पाय दिला.

नोव्हेंबरात करवती आल्या. त्या दिवशी तिने रजा घेतली आणि सकाळी उठल्याउठल्या आर्वेलची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली. त्याने यंत्राची नळी सोडवत खुर्ची पुन्हा फिरवायचा प्रयत्न केला, धाप लागली, थांबला. "मला बघायचंय," तो म्हणाला. तिने खुर्ची फिरवली, आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून शेजारी बसली. एकत्र बसून काही बघायला त्या दोघांना किती वर्षं झाली असतील, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. वरून सुरुवात झाली. क्रेनच्या पाळण्यात चढलेला माणूस एकेक फांदी दोराला बांधून खाली सोडायचा, खालचे दोघं ती ओढत यंत्राच्या तोंडात घालायचे, आणि यंत्र ती चावून भुगा गाडीत फेकायचं. मधेच घुबड बाहेर पडलं. उजेडात त्याला काही सुचेना, ते विजेच्या तारेवर जाऊन बसलं, आणि लहानसहान पक्ष्यांनी त्याला घेरून नुसता उच्छाद मांडला. "उड ना, बाबा," आर्वेल पुटपुटला. ते उडालं नाही. कापलेल्या ओल्या लाकडाचा आंबूस वास दाराच्या फटीतून आत आला, पिंपातून उपसलेल्या पाण्यासारखा. दुपारपर्यंत बुंधा राहिला, मग तोही गेला, आणि घरात ऊन आलं. असं ऊन त्या खोलीत कधी आलंच नव्हतं. गालिच्यावरचे डाग, पडद्यांची विटलेली किनार, आर्वेलच्या गालांवरचे खड्डे, सगळं एकदम दिसायला लागलं. ओलेटाला वाटलं, कुणीतरी न विचारता आपल्या अंगावरचं पांघरूण ओढलं. तिने पडदा लावून घेतला. नंतरचा सबंध हिवाळा जेवताना ते दोघं टीव्ही लावून बसले, आणि तळघरात पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं.

मे महिन्यात खणलेला रस्ता बुजला. पट्टीवर दगडगोटे घातलेला खोलगट वाफा तयार झाला आणि ब्रिन दोन माणसांबरोबर रोप घेऊन आली. माणसाच्या उंचीहून जरा मोठं, मनगटाएवढ्या खोडाचं, मुळांभोवती गोणपाट, गळ्यात चिठ्ठी. ओलेटा पायरीवर उभी राहून बघत होती. माणसांनी ते लावलं, काठ्यांना बांधलं, आणि ब्रिन तिच्यापाशी येऊन चांगुलपणाने सांगायला लागली, की पहिले दोन उन्हाळे फार महत्त्वाचे, पाऊस नसेल तेव्हा रोज पाणी लागेल, मूळ धरलं की मग काही करावं लागत नाही. ओलेटा काही म्हणायच्या आधी उघड्या खिडकीतून आर्वेलचा आवाज आला.

"घालेल ती. काळजी नको. ती घालतेच."

तो हे कौतुकाने म्हणाला होता. त्यात काही वाईट हेतू नव्हता, आणि त्यामुळेच ओलेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घालतेच. गवत कापतेच, पानं उचलतेच, म्हातारीला आंघोळ घालतेच, परत आलेल्याला घरात घेतेच. तिला वाटलं, आपल्या थडग्यावरही हेच लिहितील. तिने पायरीचा कठडा धरला आणि ब्रिनकडे बघून शांतपणे नाही म्हटलं. मी पाणी घालणार नाही. झाड तुमचं आहे, तुम्ही घाला. ब्रिन म्हणाली, आमच्याकडे माणसं नाहीत हो, सगळ्या रस्त्यावर घरमालकच घालतात, आणि नाही घातलं तर ते मरेल. मरू दे, ओलेटा म्हणाली. खिडकीतून आर्वेलने नाव घेऊन तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

आणि ती खरंच घालेना. जून बरा गेला, जुलैत पावसाने पाठ फिरवली. रस्त्यावरच्या बाकीच्या घरांसमोर संध्याकाळी पाण्याच्या नळ्या सुरू व्हायच्या, लोक आपापल्या रोपाशी उभे राहून गप्पा मारायचे, आणि तिच्या घरासमोरचं रोप सुकत होतं. आधी पानांच्या कडा वळल्या, मग ती पांढरी बाजू वर करून लोंबायला लागली, वारा नसतानासुद्धा. येताजाता लोक आधी रोपाकडे आणि मग तिच्या दाराकडे बघायचे. मिलेवाने एकदा कुंपणावरून विचारलं, की अगं, त्या लेकराचा काय दोष? "माझा तरी काय होता?" ओलेटा म्हणाली, आणि मिलेवा आत निघून गेली. पण तिनेही स्वतः पाणी घातलं नाही. दुसऱ्याच्या पट्टीवर कोण जाणार? ओलेटाला रात्री झोप लागत नव्हती. आपण एका रोपाचा जीव घेतो आहोत हे तिला कळत होतं, आणि यावेळी वाकलो तर पुन्हा कधीच ताठ होता येणार नाही, हेही कळत होतं. धुलाईखान्यात चादरींची वाफ तोंडावर आली की तिला ती पानं दिसायची. घरी येताना ती बसमधून एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीने यायला लागली.

त्या दिवशी पाय फार सुजले होते म्हणून ती आपल्याच थांब्यावर उतरली. कोपऱ्यावर वळली तर आर्वेल बाहेर. इतक्या वर्षांत जो माणूस खुर्चीतून न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा थांबायचा, तो पायऱ्या उतरून अंगणात उभा होता, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात बीन्स शिजवायचं पातेलं. नाकातली नळी दारातून, ओटीवरून, पायऱ्यांवरून ताणत ताणत आली होती आणि गवताच्या निम्म्यावर संपली होती. त्यापुढे सरकला तर ती नाकातून निसटत होती. रोप पायवाटेच्या पलीकडे होतं. त्याने पातेलं झोकून पाणी फेकलं. ते पायवाटेच्या फरशीवर पडलं, थोडं चमकलं, आणि उतारावरून मिलेवाच्या घराकडे वाहत गेलं. तो श्वास घेत उभा राहिला. फरशीवर आधीच्या खेपांचे ओले डाग होते. हा माणूस किती वेळ असा आत-बाहेर करत होता कोण जाणे. जन्मात कधी कशाला पाणी घातलं नाही याने, ती मनात म्हणाली, आणि घालायला निघाला तेही पोचत नाही. तिला त्याची दया आली नाही. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या नळीचा, त्या फरशीचा, त्या पट्टीचा. ज्याला घालायचं आहे त्याचा हात पोचत नाही, ज्याच्या मालकीचं आहे त्याला माणूस मिळत नाही, आणि मधे ही आठ पावलांची जमीन, तिची स्वतःची, जिचे हप्ते तिने फेडले, तिथे काहीच नाही, नुसतं गवत. आर्वेल तिला बघून ओशाळला. "तुला सांगणार नव्हतो," तो म्हणाला.

"आत जा आणि पातेलं भर," ती म्हणाली.

तिने पर्स ओटीवर टाकली आणि तळघरातून फावडं आणलं. आधी आपल्या अंगणात, पायवाटेच्या अलीकडे, नळी जिथे संपत होती तिथे खड्डा केला. खालची माती काळी, गार, ओलसर निघाली, दलदलीची. मग पायवाट ओलांडून ती पट्टीवर गेली आणि भर संध्याकाळी, सगळ्या रस्त्यादेखत, शहराचं झाड उपटायला लागली. पलीकडच्या बाजूला पाण्याच्या नळ्या घेऊन उभे असलेले लोक बघत राहिले. कुणी हटकलं नाही, कुणी मदतही केली नाही. गोणपाट अजून कुजलं नव्हतं, मुळांचा गोळा अख्खा सुटला. तो तिला उचलेना. तिने आतून खुंटीवरचा कोट आणून त्याखाली सारला, नारिंगी डागाचा कोट, आणि तो ओढत फरशीवरून आपल्या जमिनीवर आणला. माती दाबून झाल्यावर ती तिथेच गवतावर बसली. आर्वेल पातेलं घेऊन पोचला, यावेळी नळी पुरली, आणि तो पानांवर पाणी शिंपडायला लागला तशी ती त्याच्यावर खेकसली, की मुळाशी घाल, मुळाशी, एवढं वय झालं तरी अक्कल नाही.

दोन दिवसांनी ब्रिन आली. कुणीतरी कळवलं असणार. ती आधी वाफ्यातल्या रिकाम्या खड्ड्याकडे गेली, मग अंगणातल्या रोपाकडे. अर्धी पानं गळाली होती, पण उरलेली सरळ झाली होती. मिसेस स्किडमोर, ती म्हणाली, हे तुम्ही करायला नको होतं, ते शहराचं झाड आहे, मला वर कळवावं लागेल, ते परत जागेवर लावावं लागेल. तिच्या आवाजात अजूनही तोच चांगुलपणा होता. ओलेटा फावड्यावर हात टेकून उभी होती. कळवा, ती म्हणाली, दंड करा, पोलीस पाठवा, पण शहराचं काही असेल तर ते शहराच्या पट्टीवर असतं आणि तिथे आता तुमचा खड्डा आहे, तो सांभाळा. ब्रिनने खाली बघितलं. तिच्या बुटांना आजही चिखल होता. आर्वेल पातेलं घेऊन पायऱ्या उतरत येत होता, दर पायरीवर थांबत. रोपापाशी पोचून त्याने दम घेतला आणि मुलीकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, "राहू दे गं पोरी. आमचं झाड आहे ते."

ओलेटाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"आमचं नाही," ती म्हणाली. "माझं. तू फक्त पाणी घालायचं."

आर्वेलने वाकून मुळाशी पाणी घातलं, आणि पातेलं रिकामं झाल्यावर तिने त्याला ते पुन्हा भरून आणायला आत पाठवलं.